मधमाशीचें बलुतें

मधमाशी ही कवींच्या फार जुन्या ओळखीची आहे. परंतु शेतकऱ्याशीं तिचें जें नातें आहे, तें मात्र कलावंतांच्या दृष्टीस अगदीं अलीकडे पडूं लागलें आहे. या विलंबाचा दोष कवींच्या माथीं मारण्याचें कारण नाहीं. फुलाचें फळ होण्याच्या कामीं कीटकांचा हात असतो, ही गोष्टच मुळीं मनुष्यजातीस अठराव्या शतकापर्यंत नीटशी ठाऊक नव्हती. जर्मन शास्त्रज्ञ कोलरॉयटर यानें १७६१ पासून या विषयावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पुढें १७९३ सालीं स्प्रेंगेल नांवाच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकानें ग्रंथ लिहून असें दाखवून दिलें कीं, फुलांचा रंग, त्यांचा सुवास आणि त्यांतील मकरंद हीं सारीं कीटकांस आमंत्रण देण्याचीं साधनें आहेत. त्या काळच्या विद्वानांनीं या ग्रंथाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. डार्विननें त्याचें महत्त्व ओळखलें, तेव्हां कोठें त्याचा बोलबाला झाला. तोंपर्यंत मधमाशी म्हणजे मध आणि मेण देणारा एक उद्योगी जीव, एवढीच तिची ख्याति होती. आपलें शेत तिचें ऋणी आहे, हें शेतकऱ्याच्या स्वप्नींहि नव्हतें.

याचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे रोमन कवि व्हर्जिल याचें 'जॉर्जिक्स' हें कृषिकाव्य. इ. स. पूर्वीं २९ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या या काव्याचे चार सर्ग आहेत. पहिल्यांत नांगरट व धान्य, दुसऱ्यांत फळझाडें व द्राक्षवेली, तिसऱ्यांत गुरेंढोरें, आणि चौथा सर्ग सारा मधमाश्यांस वाहिलेला. शेत आणि मोहोळ एका काव्यांत शेजारीं शेजारीं आलीं. तथापि दुसऱ्या सर्गांतील बाग आणि चौथ्या सर्गांतील मोहोळ यांना जोडणारा धागा कवीच्या हातीं लागला नाहीं. मोहोळाची राणी त्याला राजा वाटली. मेलेल्या बैलाच्या देहांतून माश्या उत्पन्न होतात, ही समजूतहि त्यानें काव्यांत जशीच्या तशी घेतली. त्याला मोहोळांत दिसली ती शिस्त, राजनिष्ठा आणि समाजासाठीं मरण्याची तयारी. म्हणजे रोमन नागरिकाच्या अंगीं असावेत असे गुण. पुढें इंग्लंडांत मँडेव्हिल यानें १७१४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलेल्या मधमाश्यांच्या कथेंत त्याच मोहोळावरून नेमका उलट सिद्धान्त काढला: व्यक्तीच्या दुर्गुणांवरच समाजाची भरभराट चालते. एकाला सद्गुण दिसले, दुसऱ्याला दुर्गुण दिसले. मधमाशी मात्र दोघांनाहि दिसली नाहीं.

आपल्याकडील परंपरा याहून फार वेगळी नाहीं. संस्कृत काव्यांतील भ्रमर हा चंचल प्रियकराचें प्रतीक होऊन बसला आहे. भ्रमर आणि मधमाशी एकच नव्हेत, हें खरें. पण 'मधुकर' हा शब्द दोघांनाहि लागतो आणि चंचलपणाचा ठपकाहि दोघांवर बसतो. वस्तुस्थिति अशी आहे कीं, मकरंदासाठीं बाहेर पडलेली मधमाशी एका फेरींत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर बसते. ही गोष्ट ॲरिस्टॉटलच्याहि लक्षांत आली होती. तिच्या या एकनिष्ठेमुळेंच एका झाडाचा पराग त्याच जातीच्या दुसऱ्या झाडास पोंचतो आणि फळ धरतें. ज्या गुणाच्या आधारें बागा पिकतात, त्याच गुणाच्या अभावाबद्दल कवींनीं तिला नांवें ठेवावीं, ही मोठ्या मौजेची गोष्ट आहे.

सारांश, दोन हजार वर्षें मधमाशीचा उपयोग मनुष्यानें स्वतःचें तोंड पाहण्याच्या आरशासारखा केला. अलीकडच्या कांहीं कलावंतांनीं हा आरसा बाजूस ठेवून सरळ प्रश्न विचारला आहे: शेती मधमाशीकडून काय घेते, आणि तिला काय देते? आपल्या जुन्या गांवगाड्याच्या भाषेंत बोलावयाचें तर हा बलुत्याचा प्रश्न आहे. सुतार, लोहार, कुंभार हे वर्षभर गांवाचें काम करीत आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर येऊन आपला वाटा नेत. या अर्थानें मधमाशी ही शेतीची सर्वांत जुनी बलुतेदार म्हणावी लागेल. परंतु तिचा वाटा खळ्यावर कोणी काढून ठेवीत नाहीं. या न काढलेल्या वाट्याची कथा दोन चित्रपटांनीं अगदीं निराळ्या रीतींनीं सांगितली आहे: मार्कुस इमहूफ या स्विस दिग्दर्शकाचा २०१२ सालचा 'मोअर दॅन हनी' आणि तमारा कोतेव्स्का व ल्युबोमिर स्तेफानोव्ह या मॅसिडोनियन जोडीचा २०१९ सालचा 'हनीलँड'. दोन्ही माहितीपट आहेत, आणि दोन्ही माहितीच्या पलीकडे जातात. त्यांचें तारतम्य पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तत्पूर्वीं, या प्रश्नाला बगल देणारी कलाहि किती मोहक असूं शकते, हें ध्यानांत यावें म्हणून एका तिसऱ्या कृतीचा उल्लेख करणें अवश्य आहे. वुल्फगँग बट्रेस या इंग्रज कलावंतानें 'द हाइव्ह' ही रचना २०१५ च्या मिलान येथील जागतिक प्रदर्शनासाठीं केली. त्या प्रदर्शनाचा विषयच जगाचें अन्न हा होता. पुढें २०१६ सालीं ती लंडनच्या क्यू उद्यानांत आणून उभी करण्यांत आली. १७ मीटर उंचीची, सुमारें ४० टन वजनाची ही ॲल्युमिनियमची जाळी. तींत एक हजारांच्या घरांत दिवे. एका जिवंत मोहोळांतील कंपनें या रचनेपर्यंत आणून सोडलेलीं आहेत आणि त्यांच्या चढउतारानुसार दिवे मंद-तीव्र होतात व संगीत उमटतें. मोहोळाच्या पोटांत उभें राहिल्याचा भास कोणाहि रसिकास आल्हाद देईल. परंतु त्या मोहोळाभोंवतीं शेत नाहीं, फवारणी नाहीं, बाजार नाहीं. पाहणारा विस्मित होऊन बाहेर पडतो. आपण कांहीं देणें लागतों, असें मात्र त्यास वाटत नाहीं. जगाच्या अन्नाचा विचार करण्यासाठीं भरलेल्या प्रदर्शनांतील कृतीनें एवढ्यावर समाधान मानावें, हें तिचें उणें होय.

इमहूफ याचें नांव १९८१ च्या 'द बोट इज फुल' या चित्रपटामुळें जगास परिचित झालें. दुसऱ्या महायुद्धांत जीव मुठींत धरून आलेल्या ज्यू निर्वासितांस स्वित्झर्लंडनें सरहद्दीवरून माघारीं कसें लोटलें, हा त्याचा विषय. दाराबाहेर ठेवलेल्यांची बाजू घेण्याची हीच वृत्ति घेऊन तो मधमाश्यांकडे वळला आहे. त्याच्या आजोबांचा फळें डबाबंद करण्याचा कारखाना होता, आणि बागांस फळ धरावें म्हणून त्यांनीं मधमाश्या पाळल्या होत्या. त्याची कन्या व जावई हीं मधमाश्यांचीं अभ्यासक आहेत. त्यामुळें हा विषय त्याच्या घरचाच आहे. २००६-०७ च्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील पेट्या एकाएकीं ओस पडूं लागल्या. आंत राणी आहे, मध आहे, पिलें आहेत, आणि कामकरी माश्यांचा मात्र पत्ता नाहीं, असें चमत्कारिक दृश्य मधपाळांना दिसूं लागलें. या संकटाचा माग काढीत हा चित्रपट चार खंडांतून हिंडतो.

त्यांतील सर्वांत बोलका भाग कॅलिफोर्नियांतील बदामाच्या बागांचा. जगांतील बदामांपैकीं सुमारें ८० टक्के बदाम त्या एका राज्यांत पिकतात. तेथील बागा १० लाख एकरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेल्या आहेत. फेब्रुवारीच्या सुमारास कांहीं आठवडे झाडें फुलांनीं लहडून जातात. त्या वेळीं एकरीं सुमारें दोन पेट्या लागतात. फुलोरा ओसरला कीं मैलोगणती प्रदेशांत मधमाशीस खावयास कांहीं उरत नाहीं, म्हणून तेथें ती कायमची राहूं शकत नाहीं. तिला दुरून आणावें लागतें आणि काम संपतांच न्यावें लागतें. जॉन मिलर हा मधपाळ हजारों पेट्या मालमोटारींवर लादून असा देशभर फिरतो. बदाम झाला कीं सफरचंद. फुललेल्या बागेंतील गुणगुण त्याच्या कानांस पैशाच्या नादासारखी वाटते, आणि हें तो मोकळेपणानें बोलूनहि दाखवतो. त्याच बागांतून ऐन फुलोऱ्यांत औषध फवारणारीं यंत्रेंहि फिरत असतात. मिलर दुष्ट मनुष्य नाहीं. माश्यांचे हाल त्याला दिसतात, त्याचें त्याला वाईटहि वाटतें. परंतु करार आणि मोसम यांच्या चक्रांतून त्याला बाहेर पडतां येत नाहीं. येथें बलुत्याची जागा भाड्यानें घेतली आहे, आणि तें भाडें पेटीच्या मालकास मिळतें. पेटीच्या आंत राबणारीच्या वाट्यास साखरेचें पाणी येतें.

या चित्राचें दुसरें टोक चीनमध्यें आहे. तेथें माणसें झाडांवर चढून फुलाफुलाला हातानें पराग लावीत आहेत, आणि एक व्यापारी परागाच्या पुड्या विकीत गांवोगांव फिरतो आहे. सेच्वान प्रांताच्या हान्युआन भागांत नाशपातीच्या बागांमधून ही चाल कित्येक दशकें रुळलेली आहे. तेथील झाडांस दुसऱ्या जातीचा पराग लागतो, हें तिचें एक कारण. आणि फवारणीच्या भीतीनें मधपाळ आपल्या पेट्या तिकडे नेण्यास राजी नसतात, हें दुसरें. मजुराच्या हातांतील तो लहानसा ब्रश पाहतांना मधमाशीच्या कामाचें मोल जितकें मनावर ठसतें, तितकें मोठमोठ्या आंकड्यांनीं ठसत नाहीं.

इमहूफची न्यायबुद्धि सर्वांत अधिक दिसते ती आल्प्सच्या दरींतील एका वृद्ध मधपाळाच्या प्रकरणांत. हा म्हातारा वाडवडिलांच्या रीतीनें त्या भागांतील काळ्या जातीच्या माश्या पाळतो. कोणाहि दिग्दर्शकास त्याला अमेरिकन व्यापाऱ्यासमोर आदर्श म्हणून उभा करण्याचा मोह झाला असता. परंतु शेजारच्या दरींतील परक्या नराशीं आपल्या एका राणीचा संकर झाला, असें दिसतांच हा शांत म्हातारा जातीच्या शुद्धतेसाठीं तिला स्वहस्तें ठार करतो. आणि पुढें त्याच शुद्ध माश्यांवर रोग पडून त्यांना नष्ट करण्याची पाळी येते. मोठी भांडवली शेती तेवढी पापी आणि डोंगरांतला जुना मनुष्य तेवढा पुण्यवान, असा स्वस्त निकाल या चित्रपटानें दिलेला नाहीं, हा त्याचा मोठा गुण होय.

चित्रणाचें कौशल्य तर थक्क करणारें आहे. अंधाऱ्या पेटींतील व्यवहार, आणि आकाशांत उडतां उडतां होणारें राणीचें व नराचें मीलन, हीं दृश्यें पाहतांना मधमाशी प्रथमच पूर्ण देहानें आपल्यासमोर येते. परंतु या ठिकाणींच चित्रपटाचें वैगुण्यहि उघड होतें. डोळ्यांनीं जें दाखविलें, तें निवेदकाचा आवाज पुन्हां समजावून सांगतो. शिवाय वस्तूंचा पसारा फार. आफ्रिकी रक्ताच्या तिखट माश्या, टपालानें देशोदेशीं जाणाऱ्या राण्या, मेंदूचे प्रयोग, ऑस्ट्रेलियाजवळच्या बेटावरील आशा, असें एकामागून एक येत जातें आणि मन कोठेंच स्थिरावत नाहीं. याहून महत्त्वाचा आक्षेप असा कीं, एवढें सारें पाहूनहि प्रेक्षकाच्या मनांत शेवटीं उरते ती बहुतेक स्वतःविषयींची भीति: मधमाशी गेली तर आपलें कसें होणार? ही भीति सर्वस्वीं खरीहि नाहीं. गहूं, तांदूळ, ज्वारी हीं धान्यें वाऱ्यावर अथवा स्वतःच्या परागावर पिकतात. त्यांना मधमाशी लागत नाहीं. जगांतील प्रमुख पिकांच्या जातींपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश जातींना कीटकादि प्राण्यांच्या येण्याजाण्याचा कमी-अधिक उपयोग होतो, हें खरें. पण ती गेल्यास ताटांतून जाईल तें मुख्यतः फळ, भाजी, तेलबी आणि सुकामेवा. भाकर राहील. आणि समजा, भाकर राहिली, फळेंहि यंत्रानें धरूं लागलीं, तर मग मधमाशीचें देणें फिटलें काय? हा प्रश्न 'मोअर दॅन हनी' विचारीत नाहीं. 'हनीलँड' विचारतो.

'हनीलँड'चा जन्म योगायोगानें झाला. ब्रेगाल्निचा नदीच्या खोऱ्यांतील निसर्गरक्षणाच्या एका उपक्रमासाठीं लहानसा माहितीपट करण्यास दोघे दिग्दर्शक गेले असतां, बेकिर्लिया या ओस पडलेल्या खेड्यांत त्यांना हातिजे मुरातोवा भेटली. प्रौढ, अविवाहित, घरांत अंथरुणास खिळलेली म्हातारी आई. गांवांत वीज नाहीं, रस्ता नाहीं. तीन वर्षें तेथें जाऊन-येऊन केलेल्या सुमारें ४०० तासांच्या चित्रणांतून दीड तासाचा हा चित्रपट निघाला. हातिजे व तिची आई जी जुन्या वळणाची तुर्की बोलतात, ती दिग्दर्शकांस कळत नव्हती; त्यामुळें जुळणी करतांना शब्दांपेक्षां चेहऱ्यावर आणि हातांवरच त्यांना भिस्त ठेवावी लागली. या अडचणीनेंच चित्रपटाचें भलें केलें आहे. येथें निवेदक नाहीं, आंकडे नाहींत, शास्त्रज्ञ नाहींत.

हातिजे कड्याच्या अरुंद वाटेनें जाऊन खडकांतील शिळा सरकवते, आंतलें पोळें काढते, आणि निम्मा मध माश्यांसाठीं ठेवते. अर्धें आपलें, अर्धें तुमचें, हें ती त्यांना मोठ्यानें सांगते. उरलेला मध घेऊन ती स्कोप्ये शहराच्या बाजारांत जाते, भाव करते, आणि परत येतांना स्वतःसाठीं केसांचा कलप घेते. हा कलपाचा प्रसंग अगदीं लहान. पण त्यामुळें ती वनदेवता होण्यापासून वांचते. नटण्याची हौस असलेली, बाजारभाव जाणणारी, लग्न झालें नाहीं याची खंत असलेली ती एक स्त्री आहे, आणि तरीहि ती निम्म्यावर थांबते.

मग हुसेनचें बिऱ्हाड येतें: बायको, सात मुलें, आणि गुरांचा कळप. एकटी हातिजे त्यांचें आनंदानें स्वागत करते. मुलांना जीव लावते. हुसेननें पेट्या मांडल्या तेव्हां आपली विद्याहि त्याला सांगते. पण हुसेनमागें व्यापारी लागतो. त्याला मध भरपूर हवा आणि लौकर हवा. हुसेन निम्म्याचा नियम मोडतो आणि सारा मध काढतो. उपाशी मोहोळ दुसऱ्या मोहोळावर लूट करतें, हा निसर्गाचा नियम. हातिजेनें त्याला हें आधींच बजावलें होतें. तसेंच घडतें. हुसेनच्या माश्या हातिजेच्या माश्यांवर तुटून पडतात आणि तिचीं पोळीं रितीं होतात. एवढ्यावर भागत नाहीं. ओढ्याकांठच्या ज्या झाडांत मोहोळ होतें तेंहि तोडलें जातें. गुरें मरतात, बिऱ्हाड निघून जातें, हिवाळा येतो आणि म्हातारी मरते.

या कथेंत हुसेनला खलपुरुष ठरवून मोकळें होणें फार सोपें आहे, आणि बहुतेक प्रेक्षक तसें करतात. चित्रपट मात्र तितका निष्ठुर नाहीं. माश्यांनीं डंख मारल्यावर रडणारीं हुसेनचीं मुलें, वासरांच्या मागें चाललेली त्यांची धांवपळ, व्यापाऱ्यासमोर खालीं गेलेली त्याची मान, हें सर्व त्यांत आहे. त्याचा एक मुलगा बापाविरुद्ध जाऊन हातिजेची बाजू घेतो, हेंहि आहे. हुसेनच्या घरांत नऊ तोंडें आहेत. हातिजेच्या घरांत दोन. निम्म्यांत भागवण्याची ऐपत दोघांची सारखी नाहीं. व्यापाऱ्यामागें शहराची मागणी आहे, आणि शहर म्हणजे आपण. हुसेन हा लोभाचा पुतळा नसून जगांतला सर्वसाधारण शेतकरी आहे. मिलरचा तो गरीब भाऊ आहे. चित्रपटाचें उणें एवढेंच कीं, हातिजेभोंवतीं त्यानें सोनेरी उजेडाचें जें वलय ठेवलें आहे, तें हुसेनच्या वाट्यास क्वचितच येतें. त्यामुळें प्रेक्षक हातिजेसाठीं डोळे पुसतो आणि हुसेनसारख्यांनीं पिकवलेलें जेवून झोंपी जातो. ही विसंगति त्याच्या पदरांत आणखी रोखठोकपणें घालतां आली असती.

या चित्रपटाबाबत एक नाजूक प्रश्न उरतो. एका एकाकी स्त्रीचें दारिद्र्य, तिच्या आईचा मृत्यु, हें सर्व चित्रित करून जगभर दाखविणें, हेंहि पोळें काढण्यासारखेंच नव्हे काय? सनडान्स महोत्सवांत त्याला पारितोषिकें मिळालीं. २०२० च्या ऑस्करसाठीं माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा दोन्ही विभागांत त्याचें नामांकन झालें, आणि हा मान एकाच वेळीं दोन्ही विभागांत मिळविणारा तो पहिला चित्रपट ठरला. दिग्दर्शकांनीं हातिजेस जवळच्या गांवांत घर घेऊन दिलें, ही गोष्ट म्हणूनच उल्लेख करण्याजोगी आहे. त्यांनीं निम्मा वाटा परत केला किंवा कसें, याचा हिशेब बाहेरच्यानें करूं नये. पण ज्याच्यापासून घ्यावयाचें त्याला कांहीं द्यावयाचें असतें, हा आपल्याच चित्रपटाचा धडा त्यांनीं ऐकला, एवढें म्हणतां येईल.

दोन्ही चित्रपट शेजारीं ठेवले असतां असें दिसतें कीं, पहिला ज्ञान देतो आणि दुसरा लाज देतो. कलेच्या दृष्टीनें दुसऱ्याचें काम अधिक कठीण आहे. मात्र 'हनीलँड'च्या निम्म्यालाच अखेरचा न्याय समजण्याची घाई करूं नये. निम्में कोणी ठरवलें? हातिजेनें. माश्यांनीं तें मागितलेलें नाहीं, मोजूनहि घेतलेलें नाहीं. बलुत्याची उपमा येथें तिच्या काळ्या बाजूसकट लागू पडते. बलुतें हें गांवगाड्यांत बांधून दिलेलें असलें, तरी देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खालीं, हें त्यांतील दुःख कधीं सुटलें नाहीं. ज्यांच्या वाट्यास लाचारीच आली त्यांच्या बाजूनें तें कसें दिसतें, हें दया पवार यांच्या १९७८ सालच्या 'बलुतं' या आत्मकथनानें मराठी वाचकांस दाखवून दिलें आहे. तेथें निदान घेणारा पुढें बोलूं लागला. मधमाशी कधींच बोलणार नाहीं. म्हणून तिच्याशीं असलेलें शेतीचें नातें, देणारा कितीहि भला असला तरी, अस्वस्थ करणारेंच राहणार. ही अस्वस्थता जी कृति झांकून टाकते ती 'द हाइव्ह'सारखी नुसती सुंदर होते; जी ती उपायांनीं मिटवूं पाहते ती 'मोअर दॅन हनी'सारखी उपयुक्त होते; आणि जी ती तशीच प्रेक्षकाच्या हातीं देते, ती 'हनीलँड'सारखी मनांत राहते.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाहीं. युरोप-अमेरिकेंतील मोहोळांस ज्या तांबूस माइट किडीनें सर्वाधिक पोखरलें, ती मूळची आपल्या सातेरीच्या जातीच्या आशियाई मधमाशीवर राहणारी. पूर्वेकडील माशीनें अंग झाडून-पुसून तिच्याशीं जुळवून घेतलें होतें. पाश्चात्य माशी मनुष्यानें आशियांत आणली, आणि ती कीड तिच्यावर जाऊन जगभर पसरली. महाराष्ट्रांत डाळिंबाच्या बागांसाठीं आणि कांद्याच्या बियाण्यासाठीं पेट्या ठेवण्याची रीत पडत चालली आहे. २०२२ सालीं महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें. म्हणजे मिलरची वाट आणि हातिजेची वाट, दोन्ही आपल्या दारावरून जातात. आग्या मोहोळास धूर देऊन सबंध पोळें उतरवणारा हुसेन तर आपल्याकडे नवा नाहीं.

आपल्या भाषेंत या नात्यासाठीं एक जुना शब्दहि आहे. गरीब विद्यार्थी पांच घरीं जाऊन थोडें थोडें अन्न मागून आणी. एका घरावर सारा भार पडूं नये, हा त्यांतील विवेक. त्या भिक्षेस 'मधुकरी' म्हणत. फुलास इजा न करतां थोडें घेणारी मधमाशी पाहूनच हें नांव सुचलें. मनुष्यानें घेण्याची रीत मधमाशीकडून शिकल्याची ही खूण आहे; पण मधमाशीकडून घेतांना मात्र त्यानें ती रीत पाळली नाहीं. मराठी कथा, नाटक आणि चित्रपट यांनीं शेतकऱ्याचें दुःख पुष्कळ सांगितलें आहे आणि तें सांगणें अवश्यच होतें. त्याच्या बांधावरच्या या मुक्या बलुतेदाराचा वाटा मागणारी कृति मात्र मराठींत लिहिली जावयास पाहिजे. आणि ती लिहितांना हुसेनच्या सात मुलांना विसरून चालणार नाहीं.